शीतला तलावातली लेकुरवाळी

सन सत्तावन्नच्या उन्हाळ्यात साकोलीकडचा टिकाराम मारबते बायकोला घेऊन भिलाईच्या ठेसनावर उतरला, तेव्हा त्याच्या डोक्यावर ट्रंक नव्हती, जाळं होतं. बरोबरचे लोक हसले. पोलादाचा कारखाना उभा राहायचा होता, माती खणायला माणसं हवी होती, आणि हा बाबा मासे धरायचं जाळं घेऊन आला होता. पण टिकाराम जातीचा ढिवर. घरातला माणूस बाहेर पडला आणि जाळं मागं राहिलं, असं त्याच्या बापाच्या आणि आज्याच्या काळात कधी घडलं नव्हतं. ते आपल्यापासून सुरू व्हावं असं त्याला वाटलं नाही, इतकंच.

पहिली दोन वर्षं त्यानं माती वाहिली. जिथं पुढं भट्ट्या पेटल्या तिथं तेव्हा धानाच्या बांध्या होत्या, आणि आधल्या साली कापलेल्या धानाचे खुंट अजून पायाला टोचत. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की या माणसाला पाण्याची भीती नाही. त्याला पाणीखात्यात खलाशी म्हणून घेतलं. टाक्यांचे व्हॉल्व उघडायचे, बंद करायचे, पंपाच्या तोंडाशी शेवाळ अडकलं की बुडी मारून काढायचं. रुआबांध्याच्या बाजूला मजुरांच्या झोपड्यांची ओळ होती, तिथं त्याचं घर. त्या घरात मैनाबाई दोनदा बाळंत झाली. पहिला मुलगा अकरा दिवसांचा होऊन गेला. दुसरी मुलगी रडलीच नाही. त्यानंतर मैनाबाई कुणाच्या बारशाला गेली नाही, आणि टिकारामनं तिला कधी जा म्हटलं नाही.

झोपड्यांच्या मागं शेतं ओलांडली की शीतला तलाव होता. काठावर देवीचं छोटं देऊळ, चिंचेची दोन झाडं, आणि पाणी असं की सकाळी त्यावर माशांच्या उड्यांचे ठिपके मोजत बसावं. सुट्टीच्या पहिल्याच दिवशी टिकाराम खांद्यावर जाळं टाकून तिथं गेला. जाळं मात्र त्यानं फेकलं नाही. काठावर मथुरा नावाची एक केवटीण, म्हणजे तिकडची कोळीण, मासे निवडत बसली होती. चाळिशीची विधवा बाई, आवाज खणखणीत. तिच्या गावाची शेतं कारखान्यात गेली होती. काही पुरुषांना कामं मिळाली, काही पैसे घेऊन पांगले. मागं उरलेली दहा-बारा केवट घरं या तलावावर जगत होती आणि मथुरा त्यांच्या वतीनं भांडत होती, हे टिकारामला नंतर कळलं. तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, "टाकू का जी?"

मथुरानं मान वर करून त्याच्याकडं नीट पाहिलं. तिच्या छत्तीसगढीत म्हणाली, "आज ले कोनो नइ पूछिस, भाई."

खरंच होतं ते. कारखाना आला तसे नाना देशींचे लोक आले, आणि ज्याला जे दिसलं ते त्यानं घेतलं. विचारणारा हा पहिलाच.

त्याच श्रावणात मथुरानं आणखी एक गोष्ट पाहिली. टिकारामच्या जाळ्यात चांगली हातभर मरळ आली होती. बाजारात तिचे दोन दिवसांच्या भाजी-मिठाइतके पैसे झाले असते. टिकारामनं जाळं अर्धवट उचललं, पाण्याकडं पाहिलं, आणि मरळ सोडून दिली. तिच्याभोवती लाल पिल्लांचा घोळका होता. तो क्षणभर फुटला आणि पुन्हा आईमागं गोळा झाला.

"काबर छोड़ देस?" मथुरानं विचारलं. का सोडलीस?

"लेकुरवाळी आहे जी," टिकाराम म्हणाला. "आमच्यात तिले मारत नाही."

टिकारामच्या घरात हा नेम फार जुना होता. पिल्लं मागं घेऊन हिंडणारी मासोळी धरायची नाही. चुकून धरली तर परत पाण्यात घालायची, आणि तीही उताणी पडू न देता, हातानं धरून, तिचा श्वास बसेपर्यंत. त्याचा बाप तर सोडताना "जाय माय" असं म्हणायचा. या नेमापायी एका माणसाचं तोंड पुढं कसं शिवलं गेलं, हेच या गोष्टीत सांगायचं आहे.

एकसष्ट साली रेयेस साहेब आले. जगातल्या पुष्कळ देशांनी मिळून एक संस्था काढली होती. शेती, मासे, रान, पाणी हे आज सगळ्यांना पुरावं आणि उद्याच्यालाही उरावं, म्हणून ती ठिकठिकाणी जाणती माणसं पाठवी. रेयेस साहेब फिलिपाईन्सचे. भिलाईला परदेशी माणसाचं कौतुक उरलं नव्हतं, कारखाना उभारायला आलेल्या रशियन साहेबांच्या बायका बाजारात वांग्याचा भाव करत. पण ते गोरे, धिप्पाड. रेयेस साहेब बुटके, सावळे, चपट्या नाकाचे, आणि पायांत रबरी चपला. पहिल्या दिवशी गेस्टहाउसच्या चौकीदारानं त्यांना नेपाळी गुरखा समजून मागच्या दारानं यायला सांगितलं. साहेब मागच्या दारानं आले, आणि त्या चौकीदाराशी त्यांची पुढं चांगली गट्टी जमली. साहेब असा की हातानं भात खायचा आणि मासा काट्यांसकट चघळायचा. लोकांनी लगेच त्याला घरचा करून टाकला.

त्यांना तलावांतल्या माशांची नावं हवी होती. कारखान्यात असा माणूस कोण? पाणीखात्यानं टिकारामला सहा महिन्यांसाठी त्यांच्या हाताखाली दिला, त्याचे पंधरा झाले. कोतरी, मोंगरी, टेंगना, बांबी, खोकसी, ही नावं साहेब वहीत आपल्या लिपीत लिहून घेत. कोण कधी अंडी घालतं, कुठल्या गवताला चिकटवतं, कुठल्या पावसात चढतं, सगळं विचारत. टिकारामला जन्मात कुणी इतकं विचारलं नव्हतं. रात्री जेवताना तो मैनाबाईला सांगायचा, "साहेब मले पोथी वाचल्यासारखा वाचून राहिला."

साहेबांच्या मनातला बेत असा होता. शीतला तलावाच्या काठी हौद बांधायचे, त्यात इथल्याच माशांची पिल्लं वाढवायची आणि आसपासच्या तलावांत सोडायची. हे सगळं मथुरा आणि तिच्या केवटिणी चालवतील. जाळी, हौद आणि तीन वर्षांचा खर्च संस्था देईल. मथुरा आधी हसली, मग दोनदा विचारून खात्री केली, मग देवळात जाऊन नारळ फोडून आली. शेतं गेल्यापासून त्या घरांना कुणी काही द्यायचं म्हटलं नव्हतं.

पण तेव्हा एका आफ्रिकी मासोळीचं फार नाव झालं होतं. झटपट वाढते, काहीही खाते, गढूळ पाण्यात तगते. इतक्या मजुरांना खाऊ घालायचं तर तीच सगळ्या तलावांत टाकावी असं वरच्या साहेबांचं मत पडलं. रेयेस साहेब नको म्हणत होते. शेवटी तडजोड झाली. रस्त्याच्या मुरमासाठी खणलेला एक खोल खड्डा पाण्यानं भरला होता, त्यात वर्षभर ती मासोळी ठेवून पाहायची. वर्ष झालं की खड्डा रिकामा, आणि मगच निर्णय.

त्या खड्ड्याची राखण टिकारामकडं होती. एकदा काठावर बसून साहेबांनी त्याला आपल्या मोडक्या हिंदीत समजावलं, "हमारे देश में भी ये आया. दस साल. सब तालाब खा गया. ये मछली अंडा मुँह में रखता है, बच्चा मुँह में रखता है. बहुत अच्छा माँ है, टिकाराम. इसलिए डर."

टिकारामला ते भलतंच वाटलं. चांगल्या आईची कसली भीती?

वर्ष भरलं. खड्ड्यातल्या मासोळ्या तीन महिन्यांच्या होताच अंडी घालणाऱ्या निघाल्या, संख्या बेसुमार आणि आकार बोटाएवढा. वरच्या साहेबांनीही हट्ट सोडला. ठरलं की ही जात इथं नको. बासष्टच्या मे महिन्यात साहेबांना दिल्लीला जायचं होतं. निघताना त्यांनी टिकारामच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. "एक भी नहीं, टिकाराम. छोटा, बड़ा, माँ, बच्चा, एक भी नहीं."

"हाव साहेब," टिकाराम म्हणाला.

त्यानं काम चोख केलं. पंप लावून पाणी उपसलं, मासे काढून पुरले, उरलेल्या गुडघाभर पाण्यात मोहाची ढेप कुटून टाकली. ढेपेनं मासे गुंगतात आणि वर येऊन मरतात. दोन दिवस तो चिखलात उभा राहून वेचत होता. तिसऱ्या दिवशी दुपारी मैनाबाई भाकरी घेऊन आली, तेव्हा कोपऱ्यातल्या घागरभर स्वच्छ पाण्यात एकच मासोळी उरली होती. आडव्या दगडामुळं ढेपेचं पाणी तिथवर पोचलं नव्हतं.

टिकाराम खाली वाकला. मासोळी हडकली होती, गालफडं मात्र फुगलेली. तिच्यापुढं जिऱ्याएवढ्या पिल्लांचा ढग तरंगत होता. त्याची सावली पडली आणि मासोळीनं तोंड उघडलं. पिल्लं एकामागून एक, घाईघाईनं, आत शिरली. तोंड मिटलं. मग ती हलली नाही. पळायला जागाच नव्हती तिला.

मैनाबाई पदर तोंडाला लावून पाहत होती. ती म्हणाली, "आता कायले मारता तिले?"

"साहेबानं सांगतलं."

"साहेबानं पाहिली काय हे?"

टिकारामचा हात पुढं होईना. दोन वर्षांपूर्वी त्यानं स्वतःच्या हातानं मुलीला मातीत ठेवलं होतं आणि त्याच हातांना हे काम सांगितलं जात होतं. ते हात नाही म्हणाले. मग माणूस जसं करतो तसं त्यानं मनाला पटेल असं एक कारण शोधलं. एकटी मादी. नराशिवाय काय करणार? तलावात मरळ आहे, मोंगरी आहे, पिल्लांतली निम्मी त्यांच्याच पोटात जातील. उरलेल्यांनी काय बिघडतं?

भाकरीच्या टोपल्याबरोबर आणलेला पाण्याचा गडवा त्यानं रिकामा केला. त्यात ती मासोळी घेतली आणि दुपारच्या उन्हात दोघं नवरा-बायको शीतला तलावावर गेली. पाण्यात हात घालून त्यानं तिला सरळ धरलं. तिचा श्वास बसला. "जाय माय," तो म्हणाला. परत येताना मैनाबाई किती दिवसांनी गुणगुणत होती. तिचा तो आवाज टिकारामला पुढं जन्मभर आठवत राहिला.

साहेब परत आले. कोरडा पडलेला खड्डा चारी बाजूंनी फिरून पाहिला.

"सब?"

"हाव साहेब. सब."

या तीन शब्दांना काही सेकंद लागले असतील. ती मासोळी सोडली यात टिकारामची चूक होती असं मला छातीठोकपणे म्हणवत नाही. पण हे शब्द चुकीचे होते, आणि ते बोलताना त्यालाही ते ठाऊक होतं. तेव्हाच खरं सांगितलं असतं तर चार दिवस जाळी लावून ती मासोळी आणि तिची पिल्लं धरता आली असती. पण साहेबांचा विश्वास तोडायची त्याला लाज वाटली, आणि लाजेपायी त्यानं तो जास्तच तोडला. खड्ड्यात एकही मासोळी उरली नाही, असं साहेबांनी स्वतःच्या सहीनं लिहून दिलं. त्या कागदावर विसंबून शीतला तलावाचं काम मंजूर झालं.

त्रेसष्टमध्ये हौद बांधून झाले. साहेबांची बदली दुसऱ्या देशात झाली. निघताना ते मथुराच्या घरी कोतरीचं कालवण जेवून गेले. पहिल्या पावसाळ्यात केवटिणींनी रोहू आणि मृगळीची पिल्लं वाढवून तीन तलावांत सोडली. मथुरा अंगठा उठवायची ती सही करायला शिकली. टिकारामला वाटलं, निभावलं.

चौसष्टच्या दिवाळीनंतर मथुराच्या जाळ्यात एक काळसर, काटेरी पाठीची मासोळी आली. तिनं ती टिकारामला दाखवली, "हे कोन जात ए, भाई?" टिकारामनं मासोळी हातात घेतली. ती त्यानं पाहताक्षणी ओळखली. "ठाऊक नाही जी," तो म्हणाला.

सहासष्टच्या उन्हाळ्यापर्यंत जाळं टाकावं तिथं तीच. बोटाएवढी, काट्यांनी भरलेली, बाजारात कुणी फुकट घेईना अशी. तिचे नर तळाशी ताटाएवढे खड्डे खणत, पाणी कायम गढूळ राही. दुसऱ्या माशांची अंडी ती खाऊन टाकी. कोतरी दिसेनाशी झाली. मोंगरी गेली. श्रावणात लाल पिल्लांचा घोळका घेऊन हिंडणारी मरळ मथुरानं दोन पावसाळ्यांत पाहिली नव्हती. हौदांत वाढवलेली पिल्लं सोडायची तरी कुठं? तपासणीला मंडळी आली, त्यांनी पाणी पाहिलं, आणि मदत थांबली. केवटांची पाच घरं चरोद्याकडं रेल्वेच्या मजुरीला गेली. बायका विटा वाहू लागल्या.

त्या मे महिन्यात रेयेस साहेब आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. दुसऱ्या देशातून घरी परतताना, त्यांची सही खोटी ठरल्याचं कळलं म्हणून, ते वाट वाकडी करून आले होते. केस पिकले होते. चपला तशाच रबरी. ते काठावर उकिडवे बसले, पाण्यात हात घातला, आणि पहिल्याच ओंजळीत त्यांना पिल्लं मिळाली.

मथुरानं त्यांना पाहिलं आणि तिचा इतक्या दिवसांचा राग उसळला. "तोर मछरी हमर तरिया ला खा डारिस, साहेब," ती म्हणाली. तुझ्या मासोळीनं आमचा तलाव खाल्ला. "हमन तोर का बिगाड़े रेहेन?" आम्ही तुझं काय बिघडवलं होतं?

साहेबांना सगळे शब्द कळले नसतील. तिचा चेहरा कळला. त्यांनी टिकारामकडं पाहिलं. टिकाराम तीन हातांवर उभा होता. ती नजर विचारणारी होती, आरोप करणारी नव्हती, आणि म्हणूनच टिकारामला ती सोसवेना. त्यानं मान खाली घातली. खाली घातलेली मान साहेबांनी वाचली की नाही, देव जाणे. ते उभे राहिले आणि मथुरापुढं हात जोडून म्हणाले, "गड्ढा मेरा था, माताजी. गलती मेरा है."

टिकारामचं तोंड उघडलं नाही. दुपारच्या गाडीनं साहेब गेले.

चार दिवस टिकाराम धड जेवला नाही. पाचव्या दिवशी मैनाबाईच म्हणाली, "सांगून टाका. मी बी येतो." ती दोघं मथुराच्या अंगणात जाऊन बसली. टिकारामनं सगळं सांगितलं. दगडाआडचं पाणी, तोंडात शिरणारी पिल्लं, गडवा, साहेबांना दिलेलं उत्तर. मैनाबाई मधेच म्हणाली, "मीच म्हटलं होतं त्यायले." मथुरा मोहाची फुलं निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत. टिकारामला वाटलं, आता ती शिव्या देईल, आणि त्यानं त्या मनोमन मागून घेतल्या होत्या.

"महूँ रहितेंव त छोड़ देतेंव," मथुरा म्हणाली. मी असते तर मीही सोडलीच असती.

मैनाबाई रडू लागली. टिकारामच्या छातीवरचा दगड हलल्यासारखा झाला. तेवढ्यात मथुरानं हात थांबवले आणि त्याच्याकडं पाहिलं.

"फेर मोर गारी ओ साहेब ला काबर खाए देस?"

पण माझ्या शिव्या त्या साहेबाला का खाऊ दिल्यास? काठावर पहिल्या दिवशी विचारल्याशिवाय जाळं न टाकणारा म्हणून तिनं त्याला भाऊ मानला होता. त्यानंतर मथुरानं त्याला भाई म्हणून हाक मारली नाही. काम असलं की "मारबते" म्हणायची.

टिकारामनं पाणीखात्यातल्या एका बाबूकडून पत्र लिहून घेतलं, सगळं खरं खरं, आणि खाली अंगठा उठवला. संस्थेच्या पत्त्यावर पाठवलेलं ते पत्र पाच महिन्यांनी परत आलं. रेयेस निवृत्त झाले, पुढचा पत्ता ठाऊक नाही, असं त्यावर लिहिलं होतं म्हणे. मैनाबाईनं ते पत्र देवाच्या फोटोमागं ठेवलं. ती पुन्हा तलावावर गेली नाही.

टिकाराम जात राहिला. दर सुट्टीला, आणि एरवी पाळी संपली की तडक, तेच जाळं घेऊन. धरलेल्या मासोळ्यांतल्या फुगल्या गालफडांच्या तो वेगळ्या काढी. सगळ्या धरून संपणार नाहीत हे त्याला कुणी सांगायला नको होतं. पाणी नितळ असलेल्या कोपऱ्यात गुडघ्यापर्यंत उभा राहून तो एकेकीचं तोंड बोटानं उघडी. पिल्लं बाहेर सांडत. आईला तो काठावर फेकी. ती तडफडत असे, आणि इकडं पाण्यात पिल्लांचा ढग क्षणभर गोंधळून हिंडे, मग टिकारामच्या पाण्यातल्या हाताकडं वळे. अंधारी, ऊबदार जागा शोधत ती त्याच्या बोटांच्या फटींतून आत शिरत आणि तळव्यात गप्प होऊन बसत. सगळी आत येईपर्यंत तो थांबे. मग मूठ मिटी.